पडायचा क्लास

कुणालने अट घातली ती सौंसरच्या बसस्टँडवर, चार माणसांसमोर. "आई, अजून एकदा पडली ना तू, मग मी काहीच ऐकणार नाही. घर किरायानं देऊन टाकू अन् तू कायमची भोपाळले."

मी लगेच हो म्हटलं. हात गळ्यात बांधून दीड महिना मी त्याच्या भोपाळच्या फ्लॅटमध्ये काढला होता, आणि आता माझ्या घराची किल्ली माझ्या कमरेला होती. त्या घटकेला त्याने वाघाच्या पिंजऱ्यात झोपायची अट घातली असती तरी मी मान डोलावली असती.

पोराचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पौषातल्या थंडीत मी मोरीत घसरून पडले, डावं मनगट मोडलं, आणि शेजारची सुचिता दुपारी विरजण मागायला आली तोवर तिथेच ओल्या फरशीवर पडून होते. हाका मारल्या. पण मोरी मागच्या अंगाला, आणि ज्याच्या त्याच्या घरात टीव्ही. नगरपालिकेत टॅक्सच्या खिडकीवर बसून मी आवाज दिला की बाहेरची रांग सरळ व्हायची, आणि त्या दिवशी माझा आवाज माझ्या अंगणापर्यंतसुद्धा गेला नाही. हे सगळं सुचिताने कुणालला फोनवर मीठमसाला लावून सांगितलं. तेव्हापासून पोराच्या डोक्यातून ते गेलं नाही.

भोपाळला मला कोणी वाईट वागवलं नाही. सून दीपाली तर मला पाण्याचा ग्लासही उचलू द्यायची नाही. पण तिथे मी कपाटात घडी घालून ठेवलेल्या चांगल्या चादरीसारखी होते. सौंसरचं घर मी आणि कुणालचे बाबा, प्रकाश, आम्ही दोघांनी उभं केलं. ते गेले तेही याच घरात. गल्लीच्या टोकाला विहार आहे, रविवारी वंदना असते, शेजारी सुचिता आहे. भोपाळला मी कुणालची आई होते. इथे मी शांताबाई आहे, आणि अजूनही दोन-चार माणसं मला थोडी भितात. हे सोडून जायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

पण अट ऐकून घरात आले आणि माझे पायच बदलले. एकदाच पडायचं आणि घर जायचं, म्हटल्यावर कोण मोकळं चालेल? मी भिंतीला हात लावून चालू लागले. मोरीत जाताना देवाला न मानणारी मी कोणाकोणाची आठवण काढू लागले. विहाराच्या पायऱ्या नकोत म्हणून वंदनेला जायचं बंद केलं. घर वाचवायचं म्हणून घरातच कोंडून घेतलं, म्हणजे भोपाळ काय आणि सौंसर काय! सुचिता मला चांगलं ओळखते. ती म्हणाली, "काय व शांताबाई, तुमचं तं पडलं तरी नाक वर राहायचं. आता काऊन नाक भिंतीले लावून चालून राहिल्या?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. पण रागात माझं डोकं चांगलं चालतं. मी ठरवलं की अंगात ताकद आणायची. योगा मला जमत नाही, डोळे मिटले की मला स्वयंपाकाची आठवण येते. मला काहीतरी लढायचं शिकायचं होतं. गल्लीतून कराटेच्या पांढऱ्या कपड्यात पोरी जाताना दिसायच्या, त्यांची चाल पाहूनच समोरचा बाजूला व्हायचा. तशी चाल मला पाहिजे होती.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. तिथे हेमराज सर कराटे शिकवतात, माझ्या भावाच्या ओळखीचे. बसने गेले. हॉलमध्ये पोलीस भरतीची पोरं लाथा झाडत होती. सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "काकू, कोणी त्रास देऊन राहिलं काय तुम्हाले?"

"हो," मी म्हटलं. "मोरी."

हसले नाहीत बिचारे. सगळं ऐकून घेतलं, मला भिंतीजवळ एका पायावर उभं केलं, घोट्याचे आणि मांडीचे व्यायाम दाखवले. ते व्यायाम मी आजही करते, माणूस गुणाचा आहे. "पाय पक्का पाहिजे, काकू," ते म्हणाले. "पाय पक्का असला तं माणूस पडन कायले?"

"आणि तरी पडलं तर?"

"पडलं म्हणजे हारलं ना! आपल्या इथं पडायची गोष्टच नाही."

भरतीच्या पोरांना ते ठीक होतं. ती आज हरली तर पुढच्या भरतीला पुन्हा उभी राहतील. मला एकदाही हरायची मुभा नव्हती. बसमध्ये बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की क्लासला जाताना होती त्याहून जास्त भीती घेऊन मी परत चालले आहे. आगीतून निघून फुफाट्यात.

मग कोणीतरी मोहगावच्या बापूजींचं नाव सांगितलं. जुन्या आखाड्यातले, लाठी फिरवतात. माझ्याहून वयाने मोठे, पण पाठ अशी सरळ की त्यांच्यापुढे मीच म्हातारी दिसत होते. त्यांनी लाठी हातात दिली, माझ्या मागे उभं राहून पहिला फेर फिरवून दाखवला. दुसरा मी फिरवायला गेले आणि डाव्या मनगटातून अशी कळ आली की लाठी एकीकडे आणि मी एकीकडे.

बापूजींनी लाठी उचलून भिंतीला लावून ठेवली. "बाई, विद्या चांगली हाय, पण तुमच्या हाताले मानून नाही राहिली. ज्याची जशी भूक, त्याले तसं वाढाव लागते. मले सांगा, लढाई कोणासंग हाय तुमची?"

"जमिनीसंग," मी म्हटलं. कळ अजून जात नव्हती.

ते मोठ्याने हसले. "जमिनीसंग कोणी जिंकलं नाही बाई आजवर. तिच्यासंग दोस्ती करा. तुमच्या सौंसरातच रामाकोन्याची ते प्रज्ञा मॅडम हाय, जुडोवाली. तिची पोट्टी दिवसभर जमिनीवरच राहतात. तिले विचारा."

काखेत कळसा म्हणतात तो हा. प्रज्ञा मॅडमचा हॉल माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता, आणि मी पांढुर्णा-मोहगाव करून आले होते. मॅडम म्हणजे तिशीची पोरगी, आखूड केस, कानात बारीक रिंगा. हॉलभर हिरव्या-निळ्या गाद्या अंथरलेल्या होत्या आणि पोरं एकमेकांना उचलून त्यांच्यावर आपटत होती. आपटलेलं पोर हसत उठत होतं. ते पाहून मी दारातच थांबले.

"काकू, तुम्हाले काय पाहिजे जुडोतून?" तिने विचारलं.

"मले पडायचं नाही."

"ते मले शिकवता येत नाही," ती सरळ म्हणाली. "माणूस पडतेच. मी आठवड्यातून किती वेळा पडते ते मलेच मालूम नाही."

टॅक्सची खिडकी असती तर मी तिला पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं असतं. "मंग तू शिकवते तरी काय?"

"पडाव कसं, ते." तिने गादीकडे हात केला. "तुम्ही मोरीत कशा पडल्या, करून दाखवा बरं. घाई नको, अलगद बसून दाखवा."

मी पदर खोचला, हळूच गादीवर बसले आणि आडवी झाले. असा उजवा पाय सरकला, अशी मी कमरेवर आले. "मंग?" तिने विचारलं. मग काय, मी उठून दाखवलं. म्हणजे उठायला गेले, डावा हात टेकवून, एकदम. गादी मऊ होती म्हणून फक्त कलंडले.

प्रज्ञा माझ्याकडे पाहतच राहिली. "काकू, तुम्ही पांढुर्ण्याच्या काय?"

"हो. तुले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पांढुर्ण्याची पोट्टी अशीच करतात माह्या क्लासात. पडली रे पडली की उभी. समोरचा दगड घेऊन उभाच हाय जसा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याच्यावर झेंडा, आणि अलीकडून पांढुर्णावाले, पलीकडून सावरगाववाले एकमेकांवर दगड चालवतात. पात्रात जो पडला तो तसाच पडून राहिला तर त्याचं काही खरं नाही. म्हणून आमच्याकडे लहान लेकराला चालायला शिकवतानाच सांगतात, पडलं की आधी उठ, लागलं ते मग पाहू. मी पोरगी, गच्चीवरून पाहणारी. मी आयुष्यात कधी एक गोटा उचलला नाही. तरी ते माझ्या हाडात भरलेलं होतं. अंगणात पडले तरी उठायची, नगरपालिकेच्या जिन्यात पडले तरी उठायची, आणि वर कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडे तिकडे पाहायची.

मी गादीवर बसल्या बसल्या तो पौषातला दिवस नीट आठवला. मी त्या दिवशी एकदा पडले नव्हते. दोनदा पडले होते. पहिल्यांदा कमरेवर आले तेव्हा मला काहीच झालं नव्हतं, थोडं ठेचकाळलं असेल. मनगट मोडलं ते दुसऱ्यांदा, साबणाच्या पाण्यात घाईने उठायला गेले तेव्हा. आणि मग दुखणाऱ्या हाताने पुन्हा पुन्हा तसंच उठायला पाहत राहिले, आणि दरवेळी दमून खाली. मोरीत माझ्यावर दगड घेऊन कोण उभं होतं? कोणीच नाही. सकाळभर मी एकटीच गोटमार खेळत होते.

हे सगळं मी प्रज्ञाला सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन गादीवर बसली. मग म्हणाली, "तुमचं काम दोनच गोष्टींचं हाय काकू. डोकं सांभाळून पडणं अन् आरामानं उठणं. कोणाले फेकाव नाही लागत तुम्हाले. आधी डॉक्टरले विचारून या."

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, हाडांची तपासणी करवली, आणि गादीवरच करा, कोणी उचलून फेकलं तर मला तोंड दाखवू नका, म्हणून परवानगी दिली. सुचिताच्या पोरीची सलवार मी नाडी सैल करून घातली. पहिले काही दिवस तर नुसतं आडवं पडून हनुवटी छातीला लावायची आणि बेंबीकडे पाहायचं, म्हणजे डोकं आपटत नाही. मग बसल्या जागेवरून मागे लोळायचं आणि पडता पडता हाताचा पंजा गादीवर सपकन मारायचा, म्हणजे मार पाठीला न लागता हातातून निघून जातो. माझा उजव्या पंजाचा आवाज असा यायचा की पोरं टाळ्या वाजवायची. डावा मी पोटावर धरून ठेवायची.

पडणं लवकर जमलं. पडून राहणं जमेना. पाठ टेकली की अंग आपोआप उसळायचं, आणि प्रज्ञा ओरडायची, "काकू! दगड नाही येऊन राहिले!" सगळी पोरं हसायची. मग तिने मला नियम करून दिला. आधी दम घ्यायचा. मान, पाठ, कंबर, हात, पाय, एकेकाला विचारायचं, बाबा तू ठीक आहेस ना. मग कुशीवर व्हायचं, गुडघा घ्यायचा, मग दुसरा पाय, मग मांडीवर हात ठेवून उभं राहायचं. अख्खा पावसाळा मी हेच केलं. आणि केव्हा ते नक्की सांगता येणार नाही, पण मी भिंतीचा हात सोडला. विहारात पुन्हा जाऊ लागले. मोरीत जाताना मला कोणाची आठवण येईनाशी झाली.

कुणालला यातलं काही सांगितलं नाही. आई रोज मुद्दाम पडायला जाते, हे भोपाळला बसून ऐकणाऱ्याला कसं वाटेल? तो फोनवर विचारायचा, पडली तर नाही ना? मी म्हणायची, घरात नाही बाबा. ते खरंच होतं.

अश्विनात तो गाडी घेऊन आला. धम्मचक्राच्या दिवसासाठी आम्ही दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होतो. आल्या आल्या त्याने विषय काढला. बँकेत बदलून आलेले एक साहेब होते, त्यांना घर पाहिजे होतं, कुटुंब चांगलं होतं. "तू नाही पडली हे मान्य हाय," तो म्हणाला. "पण कधी ना कधी पडशीलच ना. तोवर वाट पाहून काय करू आपण? मी त्याइले दिवाळीपर्यंत सांगतो म्हटलं." मी जेवण झाल्यावर भांडी जरा जोरात घासली, इतकंच.

सकाळी मी पांढरी साडी नेसले. गल्ली अरुंद, गाडी मागे घेतल्याशिवाय निघत नाही. कुणाल आत बसला आणि मी गाडीच्या मागे उभी राहून त्याला रस्ता दाखवू लागले. येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे. माझी पाठ रस्त्याकडे होती. नळाच्या पाइपासाठी रस्ता खोदला होता, त्याची गिट्टी मागे पडली होती ती मला माहीत होती, पण सांगायच्या नादात मी विसरले. टाच गिट्टीवर गेली आणि मी मागच्या मागे गेले.

हनुवटी छातीला लागली. पंजा सपकन जमिनीवर बसला, डावा पोटावर राहिला. पाठ टेकली, डोकं टेकलं नाही. वर लिंबाची फांदी दिसत होती. अंग उसळायला पाहत होतं, मी त्याला थांबवलं. दम घेतला. मान ठीक होती. पाठ ठीक होती.

गाडी कचकन थांबली. दार उघडलं आणि कुणाल पळत आला. "आई! आई! गाडी लागली का? आई, उठ, उठ ना!" त्याने माझा दंड धरून ओढायला घेतलं.

"हात नको लावू," मी म्हटलं. "गाडी नाही लागली. जरा पडू दे मले. पडलीच हाओ, मेली नाही."

तो तसाच वाकून उभा राहिला, दोन्ही हात हवेत. कमरेला विचारलं, ठीक. मनगटाला विचारलं, ठीक. मग मी कुशीवर झाले, गुडघा घेतला, दुसरा पाय घेतला, मांडीवर हात ठेवला आणि उभी राहिले. साडी मागून मातीने भरली होती ती झटकली. तळहात चुरचुरत होता, बाकी मला काही म्हणजे काही झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की गल्लीत ओरडावंसं वाटलं.

वळून पाहते तर कुणाल खाली बसलेला. इस्त्रीची पांढरी पँट घालून माझा साहेब मुलगा गिट्टीत बसून लहान पोरासारखा रडत होता. सुचिता दारात आली होती, मी तिला हातानेच आत जा म्हटलं.

"आरशात दिसत होती तू," तो म्हणाला. "अन् मग दिसलीच नाही."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे बाबा गेले तेव्हा त्याने मला धीर दिला होता, तेव्हा तो रडला नव्हता. बहुतेक तेही आत्ताच निघत होतं. मी त्याला रडू दिलं. मग सगळं सांगितलं, हेमराज सर, बापूजी, प्रज्ञा, गाद्या, सलवार. तो नाक पुसत ऐकत होता आणि मधेच एकदा हसला.

मग मीच म्हटलं, "अट तुझी होती. मी पडले, तुझ्या डोळ्यासमोर पडले. आता बोल." तो न्यायला निघाला असता तर मी गेले असते. शब्द दिला होता.

"मले तू पडण्याची भीती नव्हती, आई. मले वाटलं होतं तेच हाय, पण ते नव्हतं. तू खाली पडून राहशील, मले हाका मारत राहशील, अन् मी तिकडं ऑफिसात चहा पिऊन राहीन. रोज चहा घेताना मले तेच दिसते."

इतके महिने मी पोराला घराचा शत्रू समजत होते, आणि तो तिकडे एक कप चहा सुखाने पिऊ शकत नव्हता.

"मारीन ना हाका," मी म्हणाले. "पण आधी उठून."

त्याने खिशातून फोन काढला. तिथेच गिट्टीत बसून बँकेच्या साहेबांना लावला. आवाज अजून घोगरा होता, दोनदा खाकरावं लागलं. "साहेब, जयभीम. त्या घराचं असं हाय की ते खाली नाही होत. नाही, दिवाळीतही नाही. मालकीण राहते ना तिथं."